आंबोलीतले चार दिवस आणि जांभळीवरची ती

पहिला दिवस

ओजसची सहामाही संपली, दिवाळीला अजून आठवडा होता, आणि आई म्हणाली की आंबोलीला जाऊया, पाऊस गेल्यावरची आंबोली मला बघायचीय. आईचं माहेर सावंतवाडीजवळचं, म्हणजे लहानपणापासून आंबोली घाट तिने शेकडो वेळा चढलाय उतरलाय, पण दरवेळी एसटीच्या खिडकीतून, उतरून राहिली कधीच नव्हती. म्हणून मी, आई आणि दहा वर्षांचा माझा भाचा असे तिघं निघालो. पुण्याहून कोल्हापूर, तिथून गडहिंग्लज, आजरा करत जाणारी सावंतवाडी गाडी पकडली. आजरा सोडलं की हवा बदलते, हे खिडकीत बसलेल्याला डोळे मिटूनही कळतं.

आंबोली साधारण ६९० मीटर उंचीवर आहे आणि वर्षाला ७००० मिलिमीटरच्या वर पाऊस इथे पडतो, त्यामुळे लोक येतात ते जून ते ऑगस्ट, धबधब्यासाठी, नाहीतर रात्री टॉर्च घेऊन बेडूक आणि चापडा साप बघायला. ऑक्टोबरात गर्दी नसते. मला ऑक्टोबरच हवा होता, कारण पावसाळाभर वाढलेले कोळी याच दिवसांत पूर्ण मोठे झालेले असतात. जायंट वुड स्पायडर, शास्त्रीय नाव नेफिला पिलिपेस, मी आधी दोनदा पाहिली होती पण दोन्ही वेळा जाता जाता, पाच मिनिटं, फोटो काढला आणि पुढे. यावेळी ठरवलेलं की एक तरी जाळं रोज बघायचं, सकाळ संध्याकाळ, तेच ते.

शोधायला कुठे जावंच लागलं नाही. होमस्टेच्या मागे न्हाणीघराचा पत्रा आहे आणि त्याच्या बाजूला एक जांभळीचं झाड, त्या दोघांच्या मध्ये होतं. आईला आधी दिसलं. ती हातपाय धुवायला मागे गेली आणि तिथूनच हाक मारली, "अगं इकडे ये, ही जर लटकतीय का काय?" पाच वाजले होते, ऊन तिरपं येत होतं आणि अख्खं जाळं सोनेरी. खरंच जरीसारखं. हा रंग उन्हाचा नसतो, धागाच पिवळा असतो, ढग आला तरी पिवळटपणा जात नाही. अभ्यासकांचं म्हणणं असं की उन्हात हा पिवळा मधमाश्यांसारख्या किड्यांना खेचून घेतो आणि सावलीत मागच्या पानांत मिसळून जातो.

आणि त्यात ती. डोकं खाली, पोट वर, आठ पाय ताणून. काळी, पोटावर पिवळे पट्टे, पायांच्या सांध्यांवर पिवळे ठिपके. नुसतं अंग माझ्या अंगठ्याच्या दोन पेरांएवढं आणि पाय धरले तर माझा अख्खा पंजा भरेल. जाळं रुंदीला मीटरभर तरी, आणि त्याला ताणून धरणारे दोर वर फांदीपर्यंत आणि खाली पत्र्याच्या खिळ्यापर्यंत. ओजस चार पावलं मागेच थांबला. होमस्टेच्या काकी बाहेर आल्या, आईला विचारलं, "खंयसून इलात?" आणि आई माहेरचं गाव सांगून लगेच मालवणीत सुरू झाली, मग काय, त्या दोघींचं जमलंच. काकी ओजसला म्हणाल्या, "भियू नको, तो काय करूचो नाय." हे अगदी खरं आहे. विष असतं पण ते किड्यांसाठी, माणसाला चावलीच तर थोडं दुखतं एवढंच, आणि ती जाळं सोडून माणसाच्या मागे कधी येत नाही.

मी ओजसला म्हटलं तो नाही, ती. एवढी मोठी असते ती मादीच. मग नर कुठंय? नर तिथेच होते. जाळ्याच्या वरच्या भागात लालसर तपकिरी चार बारके कोळी बसलेले, ओजसला वाटलं तिची पिल्लं. पाच-सहा मिलिमीटरचा नर, आणि मादी वजनाने त्याच्या शंभरपटीहून जास्त. ओजसने विचारलं मग हिला कोळीण म्हणायचं का, आजी म्हणाली कोळीण मासे विकते रे. शेवटी ठरलं की नुसतं "ती" म्हणायचं, आणि पुढचे चार दिवस घरात "ती काय करतीय" म्हटलं की सगळ्यांना कळायचं.

रात्री जेवण झाल्यावर पडवीत बसलो तर दिव्याजवळ दुसरंच एक काम चाललेलं. करड्या रंगाचा, बोराएवढा कोळी, निओस्कोना गटातला, खांब आणि दोरीच्या मध्ये जाळं विणायला घेतलेलं. हे मी आयुष्यात पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं. आधी एक धागा वाऱ्यावर सोडून दिला, तो जाऊन दोरीला चिकटला, तो झाला पूल. त्या पुलाच्या मध्यावरून खाली उतरून वाय अक्षरासारखा आकार. मग बाहेरची चौकट, मग आरे, एकेक आरा ओढायचा, मध्यावर यायचं, फिरायचं, पुढचा. ओजस मोजत होता, सव्वीसपर्यंत मोजले आणि मग चुकला. आरे झाल्यावर मधून बाहेर विरळ वेटोळं घातलं, हे कोरडं असतं, म्हणजे बांधकामाची परांची समजा. आणि मग बाहेरून आत, अगदी जवळ जवळ, चिकट धागा, पुढच्या पायाने अंतर चाचपत, आणि जाता जाता ती आधीची कोरडी परांची तोडत. पाऊण तास लागला असेल. आई म्हणाली, "कुणी शिकवलं गं याला," आणि बराच वेळ गप्प बसली.

दुसरा दिवस

सकाळी सहाला पडवीत गेले तर ते जाळं नव्हतंच. एक दोर फक्त. कुणी मोडलं नव्हतं, हे कोळी पहाटे स्वतःच जाळं गोळा करून खाऊन टाकतात, त्यातलं प्रथिन परत वापरात येतं, संध्याकाळी पुन्हा नवं. रोज. मागे जांभळीवर मात्र तिचं जाळं जागच्या जागी होतं, दवाने जड झालेलं, आणि दवात आदल्या दिवशी न दिसलेली गोष्ट दिसली. ओळींमध्ये जरा जरा अंतरावर वेगळा, जाडसर दिसणारा धागा आहे, त्यांच्या मध्ये बारीक चिकट धाग्यांचे गट. ओजस म्हणाला चाररेघी वहीसारखं आहे. बरोबर ओळखलं त्याने. ती जी परांची रात्रीच्या कोळ्याने तोडून टाकली होती ना, ती नेफिला तोडत नाही, कायम ठेवते. तिचं जाळं एका रात्रीचं नसतंच मुळी, राहण्यासाठी बांधलेलं घर असतं ते.

आणखी एक, ती मध्यावर बसत नाही. वरच्या बाजूला बसते, खालचा भाग कितीतरी मोठा. कारण तोंड खाली करून बसलेल्या कोळ्याला खाली धावणं सोपं आणि वर चढणं जड, म्हणून शिकारीची जागा खाली जास्त.

नऊच्या सुमारास हिरण्यकेशीला गेलो. गुहेतून नदी उगम पावते, तिथे महादेवाचं देऊळ, आणि त्या पाण्यात सापडलेला छोटा मासा, शिस्टुरा हिरण्यकेशी, ज्याच्यामुळे २०२१ साली ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. मासे दिसले. पण खरं सांगायचं तर आम्ही तिघंही वाटेवरच अडकलो, देवळात पोचायला साडेदहा झाले.

वाटेच्या दोन्ही बाजूला जाळीच जाळी. कमरेएवढ्या झुडपात सिग्नेचर स्पायडर, आर्जिओपी, जाळ्याच्या मधोमध पांढऱ्या जाड रेशमाची नागमोडी फुली काढतात आणि त्या फुलीवर दोन दोन पाय जोडून असे बसतात की पाय आठ आहेत का चार कळत नाही. ही फुली कशासाठी यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आधी वाटायचं जाळं मजबूत करायला, तेव्हापासूनचं त्याचं इंग्रजी नाव, स्टॅबिलिमेंटम, तसंच राहिलंय, आता कुणी म्हणतं अतिनील प्रकाशात चमकून किडे ओढायला, कुणी म्हणतं पाखरांना दिसावं आणि त्यांनी जाळं फाडू नये म्हणून. मी जरा जास्तच जवळ कॅमेरा नेला तर तिने जाळं असं गदागदा हलवलं की कोळी दिसेनासाच झाला, नुसती पिवळी धूसर रेघ.

मग गॅस्टरकँथा, कडक पाठीचा, कडेला काटे असलेला, जाळ्याच्या दोरांवर पांढऱ्या कापसाचे ठिपके ओवल्यासारखे. तो इतका छोटा आहे की आधी ते हवेत तरंगणारे ठिपकेच दिसतात. आणि एका जुन्या झाडाच्या खोडावर हेरेनिया, जो मला किती वर्षं बघायचा होता. हा नेफिलाचाच नातेवाईक पण जाळं खोडाला समांतर, अगदी सालीला लागून, वरून खाली शिडीसारखं लांब, आणि कोळी सालीच्या रंगाचा, चपटा. दहा वेळा त्या झाडाजवळून गेलं तरी दिसणार नाही. ओजसच्या उंचीला होता म्हणून त्याला दिसला. "मावशी, झाडाला डोळे आहेत," म्हणाला.

आईने वाटेवर एक तुटलेला सोनेरी दोर बोटाला गुंडाळून ओढून पाहिला. तो लांब होत गेला आणि मग तुटला, अगदी छोटा टिक असा आवाज आला. तिने परत एकदा ओढला. तेव्हा मी तिला मादागास्करच्या कापडाची गोष्ट सांगितली. सायमन पीअर्स आणि निकोलस गॉडली या दोघांनी तिथल्या सोनेरी कोळ्यांचं रेशीम काढून कापड विणून घेतलं, नेफिलाच्याच कुळातली जात. जंगलातून कोळी आणायचे, रेशीम ओढायचं आणि परत जंगलात सोडायचे, दहा लाखांच्या वर कोळी लागले आणि चार वर्षं. ते कापड २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत मांडलं होतं, आणि पुढे १२ लाख कोळ्यांच्या रेशमाचा, खांद्यावरून पांघरायचा एक झगा २०१२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये. रंगवलेलं नाही, मूळचाच सोनेरी. आईने लग्नातल्या पैठणीचं नाव काढलं आणि म्हणाली, किड्याच्या रेशमाचं मी नेसले, कोळ्याचं असतं हे माहीतच नव्हतं.

तिसरा दिवस

सकाळी धुकं. चौकुळला जायचं ठरलेलं, गेलो, काही दिसलं नाही, भजी खाल्ली, परत आलो. परत येताना पायवाटेवर एक मोठा ग्रुप होता आणि त्यातल्या दोघांनी फोटो नीट यावा म्हणून मध्ये येणारी फांदी ओढली, त्या फांदीला जाळ्याचा वरचा दोर बांधलेला होता. सगळं जाळं एका बाजूने कोसळलं आणि दोरीला दोरी चिकटून त्याची वातीसारखी गुंडाळी झाली. कोळी एका धाग्यावरून वर पानाखाली गेली आणि पाय आखडून बसली. मी त्यांच्याशी बोलले, रागाने नाही, सांगितलं की हे बांधायला हिला किती काम पडतं. एकाने सॉरी म्हटलं. बाकीचे पुढे गेले. मला दुपारपर्यंत वाईट वाटत होतं, अजूनही वाटतं. दगड उचलून झाडावर मारावा असं त्यांच्यात काही नव्हतं, चांगली माणसं होती, त्यांना ती फांदीच वाटत होती फक्त. बघायची सवयच नाही आपल्याला, आणि ही सवय शाळेतल्या मुलांना लावणं इतकं सोपं आहे, ओजसला दोन दिवस पुरले.

दुपारी तीनला ऊन पडलं आणि आम्ही खुर्च्या घेऊन जांभळीखाली बसलो. हा ट्रिपचा सगळ्यात चांगला दीड तास.

एक चतुर येऊन आदळला. चांगला मोठा, पंखांचा फडफडाट ऐकू येत होता. तिला दिसतं फार कमी, सगळं कळतं ते थरथरीतून, तिने आधी पुढच्या पायांनी आरे ओढून पाहिले, कुठल्या बाजूला, किती जड, आणि मग खाली धावली, इतक्या वेगाने की आई दचकली. धावते ती कोरड्या धाग्यांवरून. पोचल्याबरोबर चावली. आदल्या दिवशी हिरण्यकेशीच्या वाटेवर आर्जिओपीने नाकतोडा पकडलेला पाहिला होता, तिने आधी रेशमात गुंडाळलं आणि मग चावली. ही उलट, आधी चावते, धरून ठेवते, तो थंड झाला की मग थोडं गुंडाळते. चतुराचे पंख थांबायला दोनेक मिनिटं लागली. मग चिकटलेले धागे एकेक तोडून त्याला मोकळा केला आणि वर आपल्या जागेवर घेऊन गेली, आणि तिथे टांगून खायला बसली.

तेव्हा ओजस कुजबुजला, मावशी, ते चकचकीत काय आहे. जाळ्याच्या कडेला चांदीचे थेंब असावेत तसे तीन-चार ठिपके हलत होते. आर्जिरोडिस. तेही कोळीच, स्वतःचं शिकारीचं जाळं न बांधता मोठ्या कोळ्यांच्या जाळ्यात राहतात, जे बारीक किडे ती खात नाही ते खातात आणि कधी कधी तिच्या ताटातलंही पळवतात. एक अगदी सावकाश चतुराच्या शेपटीपर्यंत आला. तिने एक पाय झटकला, तो खाली लोंबकळत गेला, आणि पाच मिनिटांनी परत हजर. आईला त्याचा फार राग आला. मला नाही येत. एका जाळ्यात मालकीण, चार नर, हे चोर, वर दवाचं पाणी पिणारे कुणी, एवढी वस्ती असते, आणि ती एकटी सगळ्यांचं दळण दळत असते.

ती खाण्यात गुंतल्यावर नरांमध्ये हालचाल सुरू झाली. चौघांपैकी सगळ्यात जवळचा जाळ्याच्या मागच्या बाजूने खाली यायला लागला, दोन पावलं, थांबायचं, धाग्याला हलकासा झटका द्यायचा, परत दोन पावलं. तिच्या पाठीवर चढला. ती खात होती. नराला हीच वेळ सोयीची, कारण भुकेली असताना गेलं तर तोच तिचं जेवण होऊ शकतो. या जातीत नर मादीच्या पाठीवर फिरत फिरत बारीक धागे टाकतो आणि त्याने ती शांत राहते, असं अभ्यासात दिसलंय. आम्ही खालून बघत होतो, धागे दिसणं शक्यच नव्हतं, पण तो पाठीवर बराच वेळ इकडून तिकडे जात होता एवढं तिघांनीही पाहिलं. ओजसने विचारलं तो काय करतोय. आजीने सांगितलं, "तिला मनवतोय." मी त्यात काही भर घातली नाही.

चौथा दिवस

निघायचा दिवस, अकराची गाडी. सहाला उठून मागे गेले तर जाळ्याचा डावा अर्धा भाग नवाकोरा होता. उजवा अर्धा तसाच, चतुराने फाडलेलं भोक, अडकलेली पानं, सगळं. मधली एक उभी रेघ आणि इकडे नवं, तिकडे जुनं, घराची एक भिंत सारवलेली आणि एक राहिलेली असावी तसं. नेफिला अशीच करते, एका वेळी एक बाजू काढून नव्याने विणते, म्हणजे शिकार कधीच बंद पडत नाही. हे मी वाचलेलं होतं पण वाचलेलं आणि समोर दिसणं यात किती फरक असतो. चार दिवस एकाच जाळ्याजवळ थांबलो नसतो तर मला ते फक्त एक जाळं दिसलं असतं, एक फोटो. ते रोज थोडं जुनं आणि थोडं नवं असतं हे फोटोत येतच नाही.

काकी झाडू घेऊन आल्या, दिवाळीसाठी मागचं अंगण साफ करायचं होतं. जाळं त्या काढत नाहीत, "माका काय त्रास नाय तेचो," म्हणाल्या, पण जांभळीखालचा पातेरा, म्हणजे पाचोळा, ओढून जाळणार होत्या. मी त्यांना सांगितलं की आता थोड्या दिवसांनी ही खाली उतरेल, या जातीची मादी मातीत छोटा खड्डा करून त्यात अंडी घालते आणि वर माती, पाचोळा ओढून झाकते, आणि मग तिचं आयुष्य तेवढंच असतं, पुढचं जाळं तिच्या पोरी बांधतील. काकी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "जमनीत? माका वाटला झाडार." जांभळीकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं, आणि झाडू घेऊन पुढच्या अंगणात गेल्या.

आई गाडीत आजऱ्यापर्यंत काही बोलली नाही, मग म्हणाली की बाल्कनीत शिंजीर घरटं करते ना, ते कोळिष्टकांनीच चिकटवलेलं असतं, गेल्या वर्षी मी कोपऱ्यातली सगळी काढली आणि ती आलीच नाही. बाल्कनीतली यापुढे काढायची नाहीत असं तिने तिथेच ठरवलं. घरातली काढणार.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास काकींचा आईला फोन आला. बाकीच्या गप्पा झाल्या आणि शेवटी त्या म्हणाल्या, "ती जाळ्यात दिसना नाय हां आता. चार दिवस झाले. पण जांभळीखालचो पातेरो मी अजून झाडूक नाय." आईने फोन ओजसकडे दिला.